रुपेरी पट्टीचा खेळ

आमच्या घरात कुठलीही वस्तू आधी हुंगली जायची, मग वापरली जायची. कोंढ्याला रस्त्याच्या कडेला बाबांचं कृषी केंद्र होतं. पुढे दुकान, मागे आम्ही. धानाच्या बियाण्याचं पोतं आलं की बाबा त्यातले तीन दाणे काढत, एक दाताखाली फोडत, एक नखानं सोलत आणि तिसरा नाकाशी धरून डोळे मिटत. त्यानंतर ते पोत्याचं लेबल वाचत आणि लेबलावर काहीही लिहिलेलं असलं तरी मान हलवून म्हणत, "पाहू." आईचंही तेच. दुधाचा थेंब ती अंगठ्याच्या नखावर उभा करून पाही, आणि तो उभा राहिला तरी दूधवाल्याला "आज बरं आहे" एवढंच म्हणे, म्हणजे काल बरं नव्हतं हे त्याला कळावं. मी या दोघांची मुलगी. बारशाला कुणी दिलेलं चांदीचं वाळं मी दोन वर्षांची असताना चावून पाहिलं होतं म्हणतात. घरात एकटी वनिताताई अशी होती जी समोर आलेली वस्तू सरळ हातात घेई आणि "किती छान" म्हणे. बाबांना तिची सगळ्यात जास्त काळजी वाटायची ती यामुळेच.

दुकानातला माल आमच्या घरात धुळीच्या रूपानं शिरायचा. धान उपणताना उडालेली बारीक तूस स्वयंपाकघरातल्या डब्यांवर, उशांवर, आरशावर, सगळीकडे बसलेली असे. सकाळी पलीकडच्या राईस मिलचा धडधडाट सुरू झाला की आई चुलीवर भात ठेवी. लाखोरीची डाळ, सुक्या झिंग्यांची चटणी, थंडीत पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची उसळ, हे आमचं जेवण, आणि त्यातही दाताखाली एखादा तुसाचा कण यायचाच. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. पाहुणे मात्र तोंड थांबवून ताटात पाहत, आणि मग आई त्यांच्यावरच संशय घेई, की यांना नावं ठेवायचीच आहेत.

त्या घरात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेमचा एक कन्सोल होता हे आज सांगितलं तर माझा मुलगाही विश्वास ठेवत नाही. मस्कतला कामाला असलेला माझा मामा सुटीवर आला, तेव्हा त्याच्या कुणा साहेबानं जुना म्हणून दिलेला तो राखाडी डबा आणि मोटारींच्या शर्यतीची एक सीडी आमच्याकडे ठेवून गेला. बाबांनी डबा उलटापालटा करून पाहिला, हलवून वाजवला आणि म्हणाले, "फुकट काहून दिला असन?" तरी डबा टीव्हीखाली राहिला. मी अकरावीत होते, ताई बारावी करून घरी होती. भारनियमनातून वीज आली की आम्ही दोघी खाली बसायचो. मी गाडी चालवताना कायम मागच्या गाड्यांकडे लक्ष ठेवायचे आणि भिंतीवर आदळायचे. ताई समोर पाहायची आणि जिंकायची. काही महिन्यांनी ते बिघडलं. कधी सीडी नुसती घरघरत राही, कधी शर्यत सुरू होई आणि बरोबर तिसऱ्या वळणावर गाडी हवेत थिजून जाई. सीडीवर एक लांब चरा होता. त्याचाच दोष, असं आम्ही ठरवून टाकलं.

प्रमोद ताईला पाहायला आला तेव्हा तो डबा टीव्हीखालीच होता. तो चिखल्याच्या खाणीच्या ऑफिसात हजेरीचं काम करायचा, तिथल्याच वसाहतीत राहायचा. बुटांच्या शिवणीत मँगनीजची काळी भुकटी बसलेली होती, ती मी सगळ्यात आधी पाहिली. सोबत त्याचे काका होते, वडील नव्हते. आईनं लाखोरीचे वडे केले होते. मोठ्यांचं शेतीचं, पाण्याचं बोलून झालं, तेव्हा प्रमोदनं डब्याकडे पाहून विचारलं, "हे कोण खेळते?" मी काही बोलायच्या आत ताई म्हणाली, "मी. पण गाडी तिसऱ्या वळणावर अडकते." एवढंच. त्या दिवशी त्या दोघांमध्ये झालेलं बोलणं म्हणजे हे एक वाक्य. तो हसला, आणि मला त्याचं हसणं आवडलं नाही, कारण ताईही हसली होती. ते गेल्यावर बाबा म्हणाले, "पोरगा बरा दिसते. पाहू." आमच्याकडे ही मोठी पसंती होती. ताई दोन दिवस गुणगुणत भाजी चिरत होती.

साक्षगंधाची तारीख ठरवायच्या आधी दोन्हीकडून चौकशी चालू असताना प्रमोद एकदा एकटाच येऊन गेला. पवनीला काही काम होतं म्हणाला. मला ते खरं वाटलं नाही. त्यानं पिशवीतून एक चपटा डबा काढला आणि माझ्या हातात दिला, पण पाहत होता दाराकडे, जिथे ताई पाण्याचा गडवा घेऊन उभी होती. "नागपूरहून आणलं," तो म्हणाला. "ओरिजनल आहे. आता अडकणार नाही." तीच शर्यत, तीच लाल गाडी, तेच नाव. ताईनं डबा माझ्याकडून घेतला, दोन्ही हातांत धरला आणि अर्थातच "किती छान" म्हणाली. तो पाणी पिऊन लगेच निघून गेला. पिशवीही विसरला.

मी मात्र मामानं आणलेल्या सीडीचा जुना डबा काढून दोन्ही शेजारी ठेवले. नव्या डब्याच्या कडेला वरपासून खालपर्यंत एक रुपेरी पट्टी होती. जुन्यावर नव्हती. पट्टीच्या जागेपुरतं चित्र बारीक झालं होतं, लाल गाडीचं मागचं चाक कापलं गेलं होतं. आतलं पुस्तक जुन्यात रंगीत आणि जाड, नव्यात काळंपांढरं, चार पानांचं. मागे किमतीची चिठ्ठी, आणि ती किंमत, जुन्या डब्यावरच्या रियालांचे रुपये केले तर, त्याच्या अर्ध्याहूनही कमी. माझं काळीज आनंदानं उडालं. हो, आनंदानंच; खोट सापडली की मला आजही तसंच होतं. मी दोन्ही डबे घेऊन दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोरच म्हणाले, "बाबा, हे डुप्लिकेट आहे."

बाबांनी काम थांबवलं. बियाण्याच्या धंद्यात लेबल हाच माणसाचा चेहरा. गेल्या हंगामात न खपलेलं बियाणं मुदत संपल्यावर पुन्हा तपासतात, आणि पास झालं तर पोत्यावर दुसरी चिठ्ठी शिवून कमी भावात काढतात. अशी चिठ्ठी बाबांना लांबून दिसायची. त्यांनी नखानं रुपेरी पट्टी खरवडली. ती निघाली नाही, आत छापलेलीच होती. "काय लिवलं आहे याच्यावर?" त्यांनी विचारलं. मी इंग्रजी वाचून सांगितलं की सगळ्यात जास्त खपलेला, असं काहीतरी आहे. बाबा कडवट हसले. "जे खपते त्याले सांगा लागत नाही, रूपे. अन् जे खपते त्याचा भाव कोणी पाडत नाही. हा पडून राहिलेला माल आहे. पट्टी मागून लावली." समोर बसलेल्या दोन शेतकऱ्यांनीही माना डोलावल्या. आज वाटतं, त्या दुकानात उभ्या असलेल्या कुणालाही दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. सगळ्यांचे हात पोत्यांनी शिकवलेले होते.

ताईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, लावून तं पहा. चालते का नाही." हेही बाबांच्याच रीतीतलं होतं. ते कुठल्याही लॉटचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीनं मांडत, गुंडाळी करून कोपऱ्यात उभी ठेवत आणि काही दिवसांनी उलगडून कोंब मोजत. ऐंशीच्या खाली कोंब आले की लॉट नापास. शेजारी नेहमी दुसरी एक गुंडाळी असे, घरच्या खात्रीच्या धानाची. बाबा तिला साक्षीदार म्हणत. दोन्हीकडे कोंब कमी आले तर दोष बियाण्याचा नाही, गोणपाटाचा किंवा पाण्याचा. साक्षीदार ठेवल्याशिवाय त्यांनी कधी कुणाच्या मालाला खोटं म्हटलं नाही, याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी मला वही दिली. "वीस डाव लाव. तिसरं वळण पार झालं का दाणा उगवला. आणि जुनी सीडीही लाव, साक्षीले. दोन्ही लिहून ठेव." मग ताईकडे न पाहता म्हणाले, "नापास झालं तं मी चिखल्याले नाही म्हणतो. जो माणूस लग्नाआधीच पडेल माल ओरिजनल म्हणून देते, तो घरात काय काय देईन." ताईचा चेहरा उतरला, आणि मी तो पाहिला.

चार दिवस मी दुपारी वीज असेल तेव्हा डाव लावत होते. ताई त्या खोलीत येतच नव्हती. नव्या सीडीचे विसातून चौदा उगवले. चौदा म्हणजे सत्तर टक्के, म्हणजे नापास. मग मी जुनी लावली. तिला चरा होता, ती चार-पाचच्या पुढे जाणार नाही असं मला वाटत होतं. तिचे तेरा आले. मी तो आकडा पुढच्या पानावर लिहिला आणि पान मागे उलटलं. चौदा आणि तेरा. दोन्ही गुंडाळ्यांत कोंब सारखेच कमी. दोष सीडीचा नव्हता, टीव्हीखालच्या राखाडी डब्याचा होता. मला ते त्याच क्षणी कळलं. बाबांच्या हाताखाली वाढलेल्या कुणालाही कळलं असतं.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "किती?" मी म्हणाले, "चौदा." त्यांनी मान हलवली. "अन् साक्षीदार?" मी म्हणाले, "जुनी तं लागतच नाही, बाबा. चरा आहे तिले." बाबांनी पहिल्यांदाच साक्षीदाराशिवाय माल नापास धरला. हे मी का म्हणाले, याची मी आजवर बरीच कारणं शोधली आणि सगळी तपासून पाहिली. मी गिऱ्हाइकांसमोर डुप्लिकेट म्हणून बसले होते, तो शब्द मला गिळायचा नव्हता. ताई चिखल्याला गेली असती तर आमच्या घरात सगळ्या वस्तू हुंगणाऱ्यांमध्ये मी एकटी उरले असते. आणि त्यानं डबा माझ्या हातात देऊन तिच्याकडे पाहिलं होतं. तिन्ही कारणं खरी आहेत. मला लाज वाटते ती तिन्हींची सारखीच.

ठरल्याप्रमाणे प्रमोद आणि त्याचे काका तारीख काढायला आले. आईनं पोहे केले होते, पण बाबांनी त्यांना घरात न नेता दुकानातच बसवलं, आणि काउंटरवर दोन्ही डबे मांडले. मी आतल्या दाराशी होते. माझ्या मागे, दाराआड, ताई.

"हे ओरिजनल म्हणून दिलं तुमी," बाबा म्हणाले.

"ओरिजनलच आहे, काकाजी."

"मंग हे पट्टी काहून? मामानं आणलं त्याच्यावर नाही."

प्रमोद गोंधळला, मग त्याला बरं वाटलं, की एवढंच आहे होय. तो पुढे वाकून सांगायला लागला. "नाही नाही, काकाजी. जो गेम सगळ्यात जास्त विकते त्याले कंपनीच हे पट्टी लावते. पहिले महाग असते. मंग खूप विकला का स्वस्तात काढते, म्हणजे बाकीच्यायनं घ्यावा म्हून. पट्टी म्हणजे मान आहे त्याचा."

"जास्त विकला म्हून स्वस्त केला?"

"हो."

"तुमी धंदा पाहिला का कधी?" बाबांनी शांतपणे विचारलं. "आमी तपासलं. वीस डावांत चौदा. नापास आहे."

"मशीन खराब असन, काकाजी. जुना लावून पाहिला का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. प्रमोदनंही पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो खरोखर विचारत होता. मी फक्त "तेरा" म्हणायचा अवकाश होता. मी म्हणाले, "जुना लागत नाही."

काका तोवर उठले होते. "चाल रे प्रमोद. बियाण्याच्या पोत्यावाणी जावई पारखून राहिले हे लोक." बाबाही उभे राहिले आणि म्हणाले की पारखणं त्यांचा धंदा आहे. पुढे आवाज चढले, त्यातलं बरंचसं न लिहिण्यासारखं आहे. पोहे कुणीच खाल्ले नाहीत. जाताना बाबांनी रुपेरी पट्टीचा डबा परत पुढे केला, तेव्हा प्रमोदनं तो घेतला नाही. "राहू द्या," तो म्हणाला. "ज्यायच्यासाठी आणला त्यायले द्या." तो गेला तेव्हा काउंटरखाली काळ्या भुकटीच्या बुटांचे दोन ठसे राहिले होते. आईनं ते लगेच पुसले.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात माझी बाजू कुठेच चांगली नाही. ताई महिनाभर कमी बोलली. पुढच्या वर्षी तिचं लग्न भंडाऱ्याजवळ कारध्याला झालं, माणूस चांगला मिळाला, मुलं शिकली. तिनं कधी तक्रार केली नाही आणि मी कधी विचारलं नाही. तो राखाडी डबा मी एकदा भंडाऱ्याला दुरुस्तीला नेला. कारागिरानं झाकण उघडून आत फुंकर मारली तर धानाची तूस उडाली. ज्या बारीक भिंगातून तो सीडी वाचतो, त्याच्यावर आमच्या दुकानाची धूळ बसली होती. त्यानं कापसानं पुसलं आणि रुपेरी पट्टीची सीडी वीसच्या वीस वेळा तिसरं वळण पार करून गेली. मी हे बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गोणपाट झटकत राहिले आणि म्हणाले, "पट्टी तरी होतीच ना." मग नागपूरला कॉलेजात गेल्यावर सीताबर्डीच्या एका दुकानात मी रुपेरी पट्टीचे डबे ओळीनं मांडलेले पाहिले. दुकानदाराला विचारलं, तर प्रमोदनं जे सांगितलं तेच त्यानं जवळपास त्याच शब्दांत सांगितलं. मी त्याच्यावरही विश्वास ठेवला नाही. आणखी दोन दुकानांत विचारलं.

आता बाबा ऐंशीच्या पुढे आहेत. औषधाच्या गोळीचं पाकीट मी आणून दिलं की ते खिडकीशी नेऊन तारीख वाचतात, आणि तारीख बरोबर असली तरी मला म्हणतात, "पाहू." दुकान बंद करायचं ठरलं तेव्हा मागच्या थंडीत ताई आणि मी माळा आवरायला कोंढ्याला आलो. पत्र्याच्या पेटीत ती वही निघाली. मी ती उघडली नाही. दुपारी आम्ही ओसरीवर पोपटाच्या शेंगा सोलत बसलो होतो, मिल बंद होती, बाबा आत झोपले होते. मी वही मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "ताई, त्या गेमच्या वेळी मी एक खोटं बोलले होते." इतक्या वर्षांत हे वाक्य मी मनात कितीदा म्हटलं होतं, तोंडातून ते फारच लहान होऊन निघालं.

ताईनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "तेरा," ती म्हणाली. "विसातून तेरा."

मी शेंग खाली ठेवली. "तू पाहिलं होतं?"

"त्याच दिवशी पाहिलं. तू अंगणात गेली तवा."

"मंग बोलली काहून नाहीस? बाबांनी तुझं ऐकलं असतं."

"मी बोलली असती तं म्हणले असते पोरगी लग्नाले उतावीळ झाली. वही दाखवली असती तं म्हणले असते हिनंच लिवलं." ती हे अगदी साध्या आवाजात सांगत होती, तेलाचा भाव सांगावा तसं. "बोलाले तूच पाह्यजे होती. तुवं पटलं असतं त्यायले. म्हून मी दाराआड उभी राहून तुह्या तोंडाकडे पायत होती. वाटलं, आता बोलन. त्यानं विचारलं तवा तं वाटलंच, का आता बोलन."

मला रडू आलं. मी माफी मागितली, दोनदा, आणि दुसऱ्यांदा मागताना माझ्या माफीवर माझाच विश्वास बसेना, की हीसुद्धा मी स्वतःला बरं वाटावं म्हणून तर मागत नाही. उरलेल्या शेंगा ताईनं सोलून संपवल्या, पदर झटकला आणि दाण्यांनी भरलेलं सूप माझ्याकडे सरकवलं.

"तू पाय एकदा," ती म्हणाली. "तुले लगेच दिसते किडकं."

मी सूप मांडीवर घेतलं, उन्हाकडे तोंड करून बसले आणि एकेक दाणा पाहिला. एकही किडका नव्हता.